बाहेर बिल, घरी ओटा: मैत्रिणींनी भेटायचं कुठे?

ताई,
आम्ही सहा जणी ठाण्यात एकाच शाळेत शिकलो, आता चाळिशीला टेकलोय. महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी बाहेर जेवायला भेटतो. पूर्वी कुठेही बसायचो, आता घोडबंदर रोड नाहीतर हिरानंदानीकडची मोठी रेस्टॉरंट्स ठरतात. बिलाचे सहा समान भाग. शेवटी सहाही जणी होतो तेव्हा ९,६०० झाले, म्हणजे प्रत्येकी १,६००. दोघी ड्रिंक्स घेतात, मी तर मासेही खात नाही. मला हे जड जातं, पण मी बोलत नाही.
खरी काळजी वेगळीच आहे. आमच्यातली एक घणसोलीला राहते. तिची नोकरी पावसाळ्यात गेली. तिने ग्रुपवर सांगितलेलं नाही, मला तिच्या बहिणीकडून कळलं. तेव्हापासून ती आलेली नाही. कधी 'काम आहे', कधी 'मुलाची परीक्षा आहे'. मी ऐरोलीला नोकरी करते, रोज तिच्या दोन स्टेशनं अलीकडे उतरते, तरी भेट नाही.
म्हणून वाटलं, या थंडीत सगळ्यांना घरीच बोलवावं. माझ्या सासूबाई केळव्याच्या, त्यांच्या हातची उकडहंडी, म्हणजे पापडी-कोनफळ वगैरे घालून वाफेवर शिजवलेली मिश्र भाजी, फार छान होते. ग्रुपवर टाकलं तर एकीने लगेच लिहिलं, 'घरी नको गं, आपण घरातून सुटायला भेटतो.' आमचं घर कोपरीला, वन बीएचके. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण पाहुणे म्हटले की त्या ऐकत नाहीत, स्वतःच ओट्याशी उभ्या राहतात. आणि साधं काही, पिठलं-भात वगैरे केलं तर मैत्रिणी म्हणतील, पैसे वाचवायला घरी बोलावलं. काय करू?
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

'घरी नको गं' लिहिणाऱ्या मैत्रिणीवर तुम्ही थोड्या रागावलेल्या दिसता. मला मात्र तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तेच वाटलं. महिनाभर सकाळी डबे, संध्याकाळी 'आज काय करायचं', आणि जेवायला बसल्यावर पुन्हा तीन वेळा उठणं, यातून तिला एक संध्याकाळ मिळते. त्या संध्याकाळी गरम पोळी तव्यावरून तिच्या ताटात येते आणि 'आणखी काही हवंय का?' हे दुसरं कुणीतरी तिला विचारतं. आपल्याकडे किती बायका तव्यावरची पहिली पोळी स्वतः खातात? ती रेस्टॉरंटला जाते ते पनीर टिक्क्यासाठी नाही, उठावं लागत नाही म्हणून जाते. तुम्ही घरी बोलावलंत तर पाच जणींना ते सुख मिळेल आणि सहावीचं जाईल. शिवाय एकीकडे जेवण झालं की पुढच्या महिन्यात दुसरीकडे, असा फेरा सुरू होईल. तो फिरत फिरत घणसोलीला पोचला की तुमच्या मैत्रिणीला १,६०० रुपयांच्या वाट्यापेक्षा ते जास्त महाग पडेल. सहा जणींना जेवायला घालायचं, तेही घरात पगार कमी येत असताना, आणि नाही म्हणण्याची सोय नाही.

म्हणून घर की हॉटेल, यावर भांडू नका. दोनच गोष्टी बघा. बिल कुणाला जड जातंय आणि ओट्यापाशी कोण उभं आहे. बाहेर भेटलात तर पहिली गोष्ट सांभाळायची, घरी भेटलात तर दुसरी.

आधी घणसोलीची मैत्रीण, कारण बाकी सगळं थांबू शकतं.

ती पैशांमुळे येत नाही असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही. पण नोकरी गेलेल्या माणसाला बिलापेक्षा जास्त नकोसा असतो तो एक प्रश्न: 'मग, ऑफिस काय म्हणतंय?' टेबलाभोवती पाच जणी, कुणाची पगारवाढ, कुणाचा नवा मॅनेजर, कुणाचं वर्क फ्रॉम होम बंद झालं. पैसे एक वेळ उसने आणता येतात, त्या प्रश्नाचं उत्तर उसनं मिळत नाही. त्यामुळे नुसती स्वस्त जागा शोधून ती परत येईल, असं मला वाटत नाही. आधी तिला एकटीला भेटा. ऐरोलीनंतर रबाळे, मग घणसोली. एखाद्या मधल्या वारी ऑफिस सुटल्यावर ठाण्याच्या गाडीऐवजी उलट्या बाजूच्या गाडीत बसा. आधी फोन करा, थेट दारात जाऊन उभ्या राहू नका, कारण अशा दिवसांत घरातही ताण असतो आणि अचानक आलेल्या माणसासमोर तो लपवावा लागतो. स्टेशनबाहेर चहा प्यायला बोलवा.

तिथे तिच्या नोकरीचा विषय तुम्ही काढायचा नाही. तुम्हाला जे कळलंय ते तिच्या बहिणीकडून कळलंय, तिने सांगितलेलं नाही, आणि कधी सांगायचं हे तिचं तिने ठरवू दे. 'तुझे मी भरते' हे तर मुळीच म्हणू नका. प्रेमाने म्हटलेलं असलं तरी त्यानंतर ती तुमच्या शेजारी पूर्वीसारखी बसू शकणार नाही, मेन्यू कार्ड उघडताना तिचा हात अडखळेल. तुम्ही तिला तुमची गोष्ट सांगा. 'मला आपलं हे दर महिन्याचं जड जातंय गं, आणि मी आजवर बोलले नाही.' हे तुम्ही मला पत्रात लिहिलंत, म्हणजे ते खरं आहे. तेच तिला सांगा. सहानुभूतीच्या दहा वाक्यांनी होणार नाही ते या एका वाक्याने होईल: तुम्ही दोघी एका बाजूला याल. मग ती नोकरीचं बोललीच तर ऐका. त्याच बैठकीत जाहिराती पाठवू नका, ओळखीच्या माणसाचा नंबर देऊ नका, ते नंतर विचारून करा. आणि ती काहीच बोलली नाही तर चहा पिऊन, मुलांचं, आईंच्या तब्येतीचं बोलून परत या. पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

आता ग्रुप. इथेही बोलायचं ते स्वतःबद्दलच. 'काही जणींना परवडत नाही' असं लिहिलंत की पाचही जणी अंदाज बांधायला लागतील आणि अंदाज घणसोलीवर जाऊन थांबेल. 'मला परवडत नाहीये' लिहा. त्यात कमीपणा काही नाही. आणि तुम्ही बोललात की दुसरी कुणी तिच्याकडे बोट दाखवणार नाही. असं काहीतरी लिहा: 'मला दर महिन्याला एवढं जमत नाहीये. मोठं हॉटेल दोन-तीन महिन्यांतून एकदा ठेवू या, मध्ये सकाळी नाश्त्याला भेटू. आणि ड्रिंक्सचं बिल वेगळं घेऊ.' शेवटचं वाक्य गाळू नका. ड्रिंक्स घेणाऱ्या दोघींना हे बहुतेक आधीच खटकत असेल, कुणी म्हटलं नाही म्हणून चाललंय. कॉलेजात टीटीएमएम, म्हणजे 'तुझं तू, माझं मी', करताना लाजत नव्हतो, मग चाळिशीत का लाजावं?

बिल वेगळं मागणं अवघड नाही, फक्त ते ऑर्डर देण्याआधी सांगायचं असतं. जेवणावर जीएसटी लागतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये नोव्हेंबर २०१७ पासून तो ५ टक्के आहे. दारूवर जीएसटी नसतो, तिच्यावर राज्याचा वेगळा कर असतो. त्यामुळे बिलात दोन्हींचा हिशेब तसाही वेगळाच करावा लागतो, दोन बिलं द्यायला त्यांना कष्ट नाहीत. आणि बिलाच्या तळाशी सर्व्हिस चार्ज दिसला तर तो बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार हॉटेलने तो आपणहून बिलात लावायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. 'हा काढून द्या' असं शांतपणे सांगा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. वाढणाऱ्या मुलाला द्यायचे ते हातात द्या. तुमच्या त्या बिलात दहा टक्के लावलेले असतील, तर तेवढ्यात सहा जणींची मिसळ होऊन वर चहाही होतो.

मिसळीचं मी उगीच म्हणत नाही. ठाण्यात डिसेंबर-जानेवारीची सकाळ ही शनिवार संध्याकाळपेक्षा फार चांगली वेळ आहे. आपल्याकडची थंडी ती केवढी, पहाटे पारा पंधरा-सोळावर उतरला की आपण स्वेटर शोधतो आणि फेब्रुवारी अर्धा सरेपर्यंत पंखे पुन्हा फिरू लागतात. पण तेवढ्या दिवसांत सकाळी आठ-साडेआठला गरम कट पोटात जाणं, ही खरी हिवाळ्याची चैन आहे. स्टेशनजवळ मामलेदार कचेरीला लागून मामलेदारची मिसळ आहेच. तिखट सोसत नसेल तर आधीच कमी तिखट सांगा, तिथली तिखट मिसळ ही खरोखर तिखट असते. एक अडचण मात्र आहे. तिथे गप्पा मारत बसता येत नाही, जागेसाठी माणसं उभी असतात आणि ते बरोबरच आहे. खायचं आणि उठायचं. मग चालत तलावपाळीला या. मासुंदा तलावाच्या काठावर ऊन येईपर्यंत तासभर सहज बसता येतं आणि तिथे कुणी बिल घेऊन येत नाही.

आणि तुम्ही तर कोपरीत राहता! रविवारी सकाळी तुमच्याच भागात सिंधी मंडळींचं दाल पकवान मिळतं, ते मैत्रिणींना खिलवलंत का कधी? कुरकुरीत पकवान, वर हरभऱ्याची गरम डाळ, चिंचेची चटणी, बारीक चिरलेला कांदा. यजमानीण तुम्ही, पण ओटा हलवायाचा. 'घरी नको' म्हणणारीलाही हे चालेल.

सकाळी भेटण्याचे आणखीही फायदे आहेत, ते तुमचे तुम्हाला दिसतील. ड्रिंक्सचा प्रश्नच उरत नाही. रात्री अकराला ठाण्याहून घणसोलीला एकटीने जावं लागत नाही. आणि मुलं झोपलेली असताना निघालं की 'कधी येणार?' विचारायला कुणी जागं नसतं.

आता तुमची उकडहंडी. या थंडीत एकदा ती जरूर करा, फक्त एकटीने करू नका, आणि सासूबाईंनाही एकटीला करू देऊ नका. तुम्ही सहज नाव घेतलंत, पण पाहुण्यांना बोलावण्यासाठी याहून योग्य पदार्थ मला सुचत नाही. कारण तिचे सगळे कष्ट आधी आहेत आणि ते बसून करायचे आहेत. एकदा हंडी गॅसवर चढली की पाऊण-एक तास तिच्यापाशी कुणी उभं राहायचं नसतं. थालीपिठं, घावन, भजी, बाजरीची भाकरी हे हिवाळ्यात सगळ्यात आधी आठवणारे पदार्थ याच्या नेमके उलट आहेत. प्रत्येक घास तव्यावरून यायला हवा, म्हणजे एक बाई शेवटपर्यंत तव्यापाशी. मैत्रिणींच्या जेवणाला थालीपीठ करू नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन. ते घरच्या चौघांसाठी ठेवा. भाकरी हवीच असेल तर पोळी-भाजी केंद्रातून आदल्या दिवशी सांगून बाजरीच्या मागवा. तिथेही कुणा बाईचेच हात असतात, पण त्या हातांना त्याचे पैसे मिळतात.

तर मोठं जाड बुडाचं पातेलं काढा. सहा-सात माणसांना वालपापडी, कोनफळ, रताळी आणि छोटे बटाटे प्रत्येकी पाव किलो पुरे. सात-आठ छोटी वांगी, दोन शेवग्याच्या शेंगा, मिळाली तर दोन कच्ची राजेळी केळी. पापडी कोवळी आणि दाणा भरलेली बघून घ्या, दोर नीट काढले नाहीत तर खाताना सगळा रस जातो. कोनफळ चिरताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते. कापल्यावर तो जांभळा रंग निघाला की तुमच्यातली निदान एक तरी फोन काढेल, काढू द्या. वाटण हिरवं: ओलं खोबरं, हिरव्या मिरच्या, आलं, भरपूर कोथिंबीर आणि पातीचा लसूण. तो पातीसकट घ्यायचा, हिवाळ्यात उकडहंडीला जो वास येतो तो बराचसा त्याचाच. ओवा हातावर चोळून घाला. वांग्या-बटाट्यांना चिरा देऊन वाटण आत भरा, बाकीचं सगळ्या भाजीला चोळा. अर्धी वाटी तरी तेल लागतं, त्यात काटकसर केली तर भाजी खाली लागते. कडक भाज्या तळाला, वांगी वर. पातेल्यात पाणी घालायचं नाही. घट्ट बसणारं ताट झाकून त्या ताटात पाणी ठेवा, आच मंद, अर्ध्या तासाने पातेल्याखाली तवा सरकवा. चमच्याने ढवळलंत तर कोनफळाचा लगदा होईल, म्हणून मधून एकदा पातेलं दोन्ही कडांनी धरून नुसतं हलवायचं. सासूबाईंची पद्धत याहून वेगळी असली तर त्यांचंच खरं माना. वसईपासून केळवे-माहीमपर्यंत घरागणिक ती बदलते.

या सगळ्यात चिरणं, सोलणं, दोर काढणं, वाटण करणं हेच काम आहे, आणि ते सहा जणींनी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून गप्पा मारत केलं तर अर्ध्या-पाऊण तासात संपतं. वन बीएचके आहे म्हणून तुम्ही संकोचू नका. ओट्यापाशी एका वेळी एकच माणूस मावत असला तर फार उत्तम, म्हणजे बाकीच्या पाच जणी आपोआप बाहेर बसतात. जेवायला सतरंजी अंथरून पंगत घाला. ज्याने त्याने आपलं ताट धुवायचं हे आधीच सांगून ठेवा. आणि तुमच्या मिस्टरांनाही काहीतरी काम द्या: जेवण झाल्यावरचा सात-आठ कपांचा चहा त्यांच्याकडे.

कॉन्ट्री काढू नका. भाज्यांची यादी ग्रुपवर टाका आणि जिला जी आणायची ती तिने स्वतः उचलावी. घणसोलीच्या मैत्रिणीला मनातल्या मनात स्वस्तातली भाजी नेमून देऊ नका, असली काळजी माणसाला बरोबर कळते. तिने कोनफळ आणते म्हटलं तर आणू द्या. हंगामात ही सगळी भाजी मिळून तुमच्या मागच्या बिलातल्या एका वाट्यापेक्षा कितीतरी कमीत येते. जमलं तर दोघी-तिघी मिळून सकाळी जांभळी नाक्याच्या मंडईत जा. पातीचा लसूण, ओली हळद, आवळे, हिरवे हरभरे, तुरीच्या शेंगा, भरताची मोठी हिरवी वांगी, सगळा हिवाळा तिथे एका रांगेत मांडलेला असतो. (ती वांगी घरी नक्की न्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. विस्तवावर भाजून, मिरची-लसूण ठेचून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून केलेलं भरीत तुम्ही एकदा खाल्लंत तर पुढच्या वर्षी उकडहंडीऐवजी तेच कराल की काय, अशी मला शंका आहे.)

ग्रुपवर कुणीतरी 'मग पोपटीच करू या' म्हणेल. पोपटी सुंदरच असते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, मडकं उपडं घालून भोवती जाळ. पण ती रायगडाकडच्या शेताची गोष्ट आहे. पनवेल-उरणकडे कुणाचं घर, अंगण असेल तर आनंदाने जा. सोसायटीच्या गच्चीवर जाळ करू नका, आणि येऊरला तर नाहीच, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे विस्तव पेटवणं हा गुन्हा आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, पण बेत होणार की मोडणार हे त्यांच्यावर आहे. 'शनिवारी माझ्या मैत्रिणी येणार आहेत' असं सांगितलंत की त्या शुक्रवारपासूनच कामाला लागतील, कारण त्यांच्या घरी आलेल्याला त्यांनीच करून घालायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलंय. त्यांना विचारा, आणि वेगळ्या शब्दांत विचारा: 'आई, माझ्या मैत्रिणींना तुमची उकडहंडी शिकवाल का?' शिकवणाऱ्या बाईची जागा खुर्चीत असते. खुर्ची हॉलमध्ये, जिथे चिरणं चाललंय तिथे ठेवा. मीठ-मिरची त्यांनी बघायची, पापडीला दोर राहिले म्हणून रागवायचं, केळव्याला हंडी कशी लावायचे ते सांगायचं, आणि गॅसपाशी जायचं ते तुम्ही सहा जणींनी. त्या उठल्याच तर 'आई बसा' म्हणून भागणार नाही, त्या ऐकणार नाहीत. म्हणून त्यांच्या एखाद्या शेजारच्या मैत्रिणीलाही बोलवा, त्या तिच्याशी बोलण्यात रमतील आणि त्यांचीही पंगत होईल. आणि त्यांनी सरळ 'नको गं, मला झेपत नाही' म्हटलं, तर ते खरं माना. आढेवेढे समजून आग्रह करू नका. त्यांच्याकडून कृती लिहून घ्या आणि दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर करा, हात तेच बारा असतील.

'पैसे वाचवायला घरी बोलावलं', या भीतीचं उत्तर वर आलंच आहे. तुम्ही स्वतः ग्रुपवर सांगितलेलं असेल की मला जड जातंय, तर मग कुणी पाठीमागे बोलायचं ते काय? ती भीती तुम्ही गप्प राहिलात म्हणूनच वाढली. मात्र बोलावताना एक वाक्य नक्की लिहा: 'हा एकदाच, याची परतफेड नाही. पुढचा महिना पुन्हा बाहेर.' हे वाक्य 'घरी नको' म्हणणारीसाठी आहे, आणि त्याहून जास्त घणसोलीसाठी.

राहिलं पिठलं-भात. ते सहा जणींसाठी करू नका. कमी दिसेल म्हणून नाही, पण ते पानात पडल्या पडल्या खायचं असतं आणि मग कुणीतरी वाढत राहतं. कुळथाचं पिठलं दोघींचं जेवण आहे. घणसोलीच्या मैत्रिणीशी चहावर बोलणं झालं आणि ती मोकळी झाली, तर एखाद्या संध्याकाळी तिलाच घरी घेऊन या. भात लावा. तेलात ठेचलेला लसूण लाल करा, मिरची, हिंग, हळद, मग पाणी आणि दोन आमसुलं. पाव वाटी कुळथाचं पीठ थोड्या पाण्यात कालवून त्यात सोडा, एकूण पाणी पिठाच्या दहापट धरा, उकळी येईपर्यंत ढवळत राहा, शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. भात शिजेपर्यंत पिठलं तयार असतं. पोह्याचा पापड भाजा, वर तूप. ती आली नाही तरी बोलावणं मागे घेऊ नका.

तारीख डिसेंबरातली धरा. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत निम्म्या जणी हळदीकुंकवाला अडकलेल्या असतील. मार्गशीर्षात काही घरी मांसाहार नसतो, त्यामुळे उकडहंडी सगळ्यांनाच चालेल, तरी कुणाचा उपास आहे का ते विचारून घ्या. आणि ग्रुपवर तारीख टाकायच्या आधी ती घणसोलीला फोन करून ठरवा, तिला जो शनिवार जमेल तोच.